तोरणमाळच्या वाटेवरचा 'खट्ट' आवाज

नंदुरबारहून शहाद्याकडे जायचे तर डिसेंबर महिन्यात जावे. गाव सुटले की लाल मिरचीच्या पथाऱ्या लागतात. नजर पोचेल तेथवर मिरची वाळत घातलेली, तिच्यात कमरेतून वाकलेल्या मजूर बाया, आणि हवेत असा ठसका की गाडीच्या काचा वर केल्या तरी शिंक यायची ती येतेच. देशभर नंदुरबारच्या मिरचीचे नाव आहे. ती उचलणाऱ्या हातांची आग रात्रभर जात नाही, हे मात्र त्या हातांनाच ठाऊक. असो. आज आम्हाला मिरचीवर लिहावयाचे नाही. एका आवाजावर लिहावयाचे आहे.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट. तोरणमाळला आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली होती. तिच्यासाठी आमच्या मंडळींनी वर्गणी काढून चार लोखंडी कपाटे, चाळीस खुर्च्या, सतरंज्या आणि वह्यांचे गठ्ठे जमविले. कपाटे ही काही एसटीच्या टपावर टाकून नेण्याची वस्तू नव्हे. तेव्हा एक जुना सहाचाकी ट्रक ठरविला. मालक ओळखीचा, भाडे कमी. कमी भाड्याचा आनंद आम्हाला इतका झाला की ट्रक कोणत्या अवस्थेत आहे हे विचारण्याचे भान कोणालाच राहिले नाही. हिशेब आमच्याकडे होता, म्हणजे चूकही आमचीच.

सकाळी सात वाजता निघालो. पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरमामा, आम्ही, आमचे एक स्नेही आणि क्लीनर. मागे सामानावर आमची अकरा माणसे; त्यांत पाच महिला. थंडी होती, पोरे गाणी म्हणत होती. मालाच्या गाडीत माणसे बसविणे कायद्याला मान्य नाही हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण या जिल्ह्यात लग्न असो, बाजार असो, यात्रा असो, माणूस मालाच्या गाडीतूनच जातो, आणि जे सगळेच करतात ते चुकीचे वाटेनासे होते.

पहिला आवाज आला तो कोळद्याजवळ. गतिरोधक आला, मामांनी ब्रेक दाबला आणि पायाखाली डाव्या बाजूला 'खट्ट' झाले. गाडी गतिरोधकावरून उतरली, मामांनी ॲक्सिलेटर दिला, पुन्हा एकदा 'खट्ट'. दार नीट लागले नसेल असे आम्हाला वाटले. आम्ही ते उघडून पुन्हा लावले. क्लीनर हळूच म्हणाला, "दार नाही भाऊ, खालून येतोय. आठ दिवस झाले."

मामा म्हणाले, "तू गप बस. जुनी गाडी आहे, वाजणारच."

आणि वाचकांपासून लपवावे कशाला, आम्हीही त्याला म्हणालो, "अरे, मामांना तीस वर्षांचा अनुभव आहे." पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, दहावी होऊन गाडीवर लागलेला. तो गप्प बसला. मामांनी टेपचा आवाज वाढविला.

आमच्या धंद्यात, म्हणजे जमाखर्चाच्या धंद्यात, असेच घडते. तेरीज जुळत नाही, दोन बाजूंत फरक येतो. शोधायला वेळ नसतो, मग तेवढी रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकून कारकून घरी जातो. फरक मिटत नाही, नुसता नजरेआड होतो. गाडीच्या या भागालाही 'सस्पेन्शन'च म्हणतात हे त्या दिवशी आठवले आणि थोडे हसूही आले. पण ते नंतर.

प्रकाशाच्या अलीकडे तापीचा पूल लागतो. थंडीत पाण्यावर धुके असते. पलीकडच्या काठावर प्रकाशा. गोमाई नदी येथे तापीला मिळते. भाविक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. आणि १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने येथील टेकाड खणले तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे या काठाने माणूस तीन हजार वर्षांहून अधिक काळ सामान वाहून नेतो आहे. त्या पुलावर जोडांच्या खाचा आहेत. प्रत्येक खाचेवर चाक आपटत होते, गाडी हादरत होती. आम्ही कान देऊन बसलो. आवाज नाही. पूल संपला, समोर बैलगाडी आली, ब्रेक लागला आणि पुन्हा 'खट्ट'.

क्लीनरने आमच्याकडे पाहिले. बोलला नाही. पण त्याच्या मनात काय आले ते आम्हाला पुढे दोन तासांनी कळले.

प्रकाशाच्या चौकात रस्त्यालगत एक फिटर बसतो, त्याला गाडी दाखविली. त्याने खाली डोके घातले, हाताने शॉकअप हलविले आणि म्हणाला, "रबर गेले." रबराचे बुश बदलले, साडेचारशे रुपये घेतले. काम तासाभराचे. रबर खरेच झिजलेले होते, म्हणजे त्याने फसविले असे म्हणता येणार नाही. त्याला एक दोष सापडला आणि त्याने शोध थांबविला, एवढेच. पुढे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागलो. पहिल्याच ब्रेकला 'खट्ट'.

शहादा दहा-साडेदहाला आले. ज्या गावात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली आणि सालदारांनी मजुरीचा हिशेब मागायला सुरुवात केली, ते हे शहादे. उसाचा हंगाम म्हणजे गावाबाहेर ट्रक-ट्रॅक्टरची रांग, आणि ती रांग जेथे थांबते तेथे कमान मिस्त्री असतोच. ट्रकच्या चाकावरच्या पोलादी पाट्यांच्या चवडीला आपल्याकडे कमान म्हणतात. आमच्यापुढे उसाच्या दोन गाड्या होत्या. मामा म्हणाले, "तासाचा रस्ता आहे, वर जाऊन येऊ, मग दाखवू." मागच्या माणसांनाही घाई. आम्ही घड्याळ पाहिले. त्या क्षणी आम्ही 'चला' म्हटले असते तर गाडी निघाली असती. पुढे म्हसावद, राणीपूर, आणि राणीपुरानंतर घाट. शहाद्याहून तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर आहे आणि गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. चढताना नव्हे, उतरताना ब्रेकवर पाय लागतो. आणि आवाज तर ब्रेकलाच येत होता.

आम्हाला यंत्रातले काही कळत नाही. पण एवढे दोन आकडे शेजारी मांडले आणि पोटात कसेतरी झाले. आम्ही म्हणालो, "थांबू."

मिस्त्री म्हणजे सत्तरीकडे झुकलेले एक चाचा. त्यांचे वडील टांग्याच्या कमानी करीत. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला दरवर्षी भट्टी घेऊन जात, असे त्यांनी सांगितले. कमान मुळात घोडागाडीचीच. आपल्या बैलगाडीला ती कधी नव्हती. खड्ड्याचा दणका थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. १८०४ च्या सुमारास इंग्लंडात ओबडाया इलियट नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लंबगोल कमान काढली, आणि मग पुढच्या शंभर वर्षांत ती घोड्यामागून मोटारीखाली आली. आपल्याकडे टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले, तेव्हा त्यांच्याखालीही कमानीच होत्या. एवढी जुनी युक्ती अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त, दणकट आणि रस्त्याकडेला दुरुस्त होणारी. चाचा म्हणाले, "कमान खोटं बोलत नाही. तिला नीट विचारावं लागतं."

त्यांनी पाना उचलला नाही. बिडी पेटविली आणि मामांना विचारले, "आवाज केव्हा येतो?"

"येतो चालताना."

"चालताना केव्हा?"

मामांना सांगता येईना. "खड्ड्यात येतो, असाही येतो." चाचांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "डावीकडून येतो." मग त्यांची नजर पोराकडे गेली. "तू बोल बेटा. डावीकडं तूच बसतोस ना?"

आणि पोरगा घडाघडा बोलला. ब्रेक मारला की एकदा, सुटला की एकदा. गिअर टाकून गाडी उचलली की एकदा. पुलाच्या खाचांवर नाही. स्टिअरिंग जागेवर फिरवले तर नाही. रिकाम्या गाडीत जास्त मोठा, भरलेल्या गाडीत बारीक. आठ दिवसांपूर्वी नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी डाव्या कमानीत एक पाटा नवा टाकला, त्यानंतर चार फेऱ्यांनी सुरू झाला. शेवटी म्हणाला, "गाडी जराशी डावीकडं ओढते, पण मामा म्हणतात रस्त्याचा उतार आहे."

आम्ही थक्क झालो. सबंध निदान त्या पोराच्या तोंडात तयार होते आणि नंदुरबारपासून ते आमच्या मांडीला मांडी लावून बसले होते. कोणी विचारले नाही म्हणून ते बाहेर आले नाही. टायर ठोकून पाहणारा तो, ग्रीस भरणारा तो, रात्री गाडीखाली अंथरूण टाकून झोपणाराही तोच. मामांचा अनुभव तीस वर्षांचा खरा, पण तो उजव्या बाजूच्या खिडकीतला.

"आता बघू," असे म्हणून चाचा उठले. मागच्या सगळ्यांना खाली उतरविले. पुढच्या दोन तासांत त्यांनी जे केले ते सांगण्याजोगे आहे. आमच्या वाचकांत गाडी चालविणारे, गाडीवर असणारे, आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून घरी बसणारे पुष्कळ आहेत.

प्रथम गाडी जागेवर उभी ठेवून मामांना स्टिअरिंग थोडे डावे-उजवे झुलवायला सांगितले आणि पोराला चाकामागच्या दांड्याच्या सांध्यावर हात ठेवायला लावला. सांधा ढिला असेल तर हाताला टिकटिक कळते. कळली नाही. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचा ॲक्सल जॅकवर उचलला आणि नुसत्या जॅकवर न ठेवता खाली लाकडी ठोकळे दिले. "जॅकवर विश्वास ठेवणारे मिस्त्री मी पुरलेत," असे चाचा म्हणाले. त्यांनी चाक वर आणि खाली धरून हलविले. किंचित हलले. आम्हाला वाटले, सापडले. चाचा म्हणाले, "थांबा. ब्रेक दाब." पोराने आत जाऊन ब्रेक दाबला. चाचांनी चाक पुन्हा हलविले. आता अजिबात हलेना. आम्ही विचारले, हे काय? ते म्हणाले, ब्रेक दाबला की चाकाचा हब मागच्या भागाशी जखडला जातो. तरीही हलले असते तर किंग पिन झिजली. थांबले, म्हणजे हल बेअरिंगमध्ये आहे, आणि तोही थोडाच. बेअरिंग जरा आवळून घेऊ, पण आवाज त्याचा नाही.

मग लोखंडी टॉमी घेऊन कमानीच्या दोन्ही टोकांना लावली. कमानीच्या सर्वांत वरच्या पाट्याला दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. या गाडीत पुढचा डोळा पिनेने हँगरला पक्का बसविलेला होता, मागचा झुलत्या शॅकलवर. कारण ओझ्याने कमान सपाट होते तेव्हा तिची लांबी वाढते आणि वाढलेल्या लांबीला कोठेतरी जागा लागते. पिन आणि बुश झिजले तर डोळा उडतो आणि असाच आवाज करतो. टॉमीने दाबून पाहिले. डोळे घट्ट होते.

आता उरला मध्य. कमानीचे सगळे पाटे मध्यभागी एका बोल्टने ओवलेले असतात, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. त्याचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बसते, म्हणजे कमान कोठे बसायची ती जागा तेथे ठरते. पण तिला धरून ठेवायचे काम त्याचे नव्हे. ते काम दोन यू बोल्टांचे. ते कमानीला आणि ॲक्सलला मिठी मारून चार नटांनी आवळलेले असतात. नवा पाटा घातल्यावर त्याचा रंग आणि खपली दबते, पाटे एकमेकांवर बसतात आणि आवळलेले नट आपोआप सैल पडतात. म्हणून नवीन काम केल्यावर काही फेऱ्यांनी नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात. पंधरा दिवसांपूर्वी ज्या गॅरेजात पाटा टाकला तेथे हे सांगितले होते, असे मामांनी आता कबूल केले. मालक म्हणाला होता, एक दिवसाचा खाडा होईल, पुढच्या आठवड्यात बघू.

चाचांनी गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली आणि खडू मागितला. वरच्या पाट्यापासून निघून सगळे पाटे, खालची पट्टी आणि ॲक्सल यांवरून त्यांनी एक सरळ उभी रेघ ओढली. अशीच रेघ उजव्या कमानीवर. मागचे दगड काढले, मामांना सांगितले, "चार हात पुढं घे आणि कचकन ब्रेक मार. मग चार हात मागं आणि पुन्हा मार." स्वतः बाजूला उभे राहिले, गाडीखाली कोणालाही जाऊ दिले नाही. पुढे, 'खट्ट'. मागे, 'खट्ट'. गाडी थांबवून आम्ही सगळे वाकलो. उजवी रेघ होती तशी सरळ. डावी रेघ मधोमध तुटली होती. वरचा भाग पुढे, खालचा मागे. मध्ये बोटभर रिकामे.

पोरगा म्हणाला, "हाच." दुसरे काही बोलला नाही.

चाचांनी सुतळीने दोन्ही बाजूंचे अंतर मापले, पुढच्या हँगरच्या पिनेपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत. डावे अंतर उजव्यापेक्षा चार सूत जास्त, म्हणजे अर्धा इंच. ॲक्सल डावीकडे अर्धा इंच मागे सरकला होता, गाडी डावीकडे ओढत होती ती त्यामुळे. रस्त्याचा उतार बिचारा निर्दोष. नटांभोवती विटकरी भुकटी होती. लोखंड लोखंडावर घासले की गंजाचे असे पीठ पडते. दिसले की समजावे, येथे काहीतरी हलते आहे.

उघडल्यावर सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत निघाला. डोके ॲक्सलच्या भोकात तसेच अडकलेले. चाचांनी ते आमच्या तळहातावर ठेवले आणि तुटलेली बाजू दाखविली. अर्ध्याहून अधिक भाग काळा, गंजलेला. उरलेला चकचकीत पांढरा. काळा भाग म्हणजे जुनी चीर, दिवसेंदिवस वाढत गेलेली. पांढरा भाग म्हणजे शेवटी एका झटक्यात तुटलेले. आम्ही जन्मभर वह्यांवरच्या तारखा वाचल्या. लोखंडावरही तारखा लिहिलेल्या असतात हे त्या दिवशी पाहिले.

"आणि घाटात काय झालं असतं?" आमच्या स्नेह्यांनी विचारले.

चाचांनी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "कदाचित काही नाही. वर जाऊन खाली आला असता. लोक येतात." थोडे थांबून, "उतारावर भार पुढं येतो. ब्रेकनं डावं चाक मागं ओढलं, ॲक्सल आणखी दोन सूत सरकला, तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. तिथं वळण असलं तर." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मागे बसलेल्या पाच बायांपैकी एकीने तेवढ्यात आपल्या पोरीला जवळ ओढले.

नवा सेंटर बोल्ट, चारही नवे यू बोल्ट, कारण ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरायचा नाही हा चाचांचा नियम. नट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून, कमानीवर भार असताना. आणि एकामागून एक नव्हे तर समोरासमोरचे, थोडे थोडे. साहित्य आणि मजुरी मिळून दोन हजार सहाशे रुपये. मालकाला फोन केला. तो म्हणाला, भाड्यातून कापा. तेवढा तो भला.

पैसे देताना चाचांनी घेतले नाहीत. म्हणाले, "आधी सांगा, माणसं कशात बसणार?"

आम्ही म्हणालो, "आता तर गाडी नीट झाली."

"गाडी कपाटांसाठी नीट झाली."

यावर वाद झाला. आमच्यातले दोघे-तिघे चिडले. अकरा माणसांचे एसटीचे भाडे कोठून आणायचे? वर्गणीचा पैसा, त्याचा हिशेब द्यायचा. आम्ही तेथेच बाकावर बसून कागद काढला. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, हे आमच्या लक्षातच नव्हते. पाच अर्धी, सहा पूर्ण. येणे-जाणे मिळून रक्कम आम्ही भीत होतो तेवढी निघाली नाही. प्रकाशाला वाया गेलेले साडेचारशे आम्ही आमच्या नावावर लिहिले. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. अंधारात घाट नको, म्हणून शहाद्यातच एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम केला. अचानक पंधरा माणसे दारात उभी राहिली, तरी वहिनींनी जयभीम घातला आणि भाकरीचे पीठ मळायला घेतले. मामांना आणि पोराला अंगणात ओढून आणावे लागले. ते दोघे गाडीतच जेवणार होते.

दुसऱ्या दिवशी माणसे सकाळच्या एसटीने गेली, आम्ही ट्रकमध्ये. राणीपूरच्या पुढे रस्त्याकडेला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर गाठोडे, हातात कोंबडी. तिने हात केला. या रस्त्यावर ट्रकला हात करणे ही भीक नव्हे, ती रीत आहे. बस निघून गेली की दुसरी केव्हा येईल याचा नेम नाही. मामांनी सवयीने गाडी हळू केली, मग आमच्याकडे पाहिले. केबिनमध्ये तिला जागा होईल का, असा विचार मनात येईपर्यंत गाडी पुढे गेली होती. आरशात ती बराच वेळ दिसत होती. चाचांना दिलेला शब्द आम्ही पाळला. त्या म्हातारीला तो शब्द कोणी विचारला नव्हता. तिला वर कोणी नेले, कशात नेले, आम्हाला ठाऊक नाही. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप चांदसैली घाटात दरीत गेली आणि माणसे दगावली, ती बातमी वाचली तेव्हा आम्हाला आधी ती कोंबडी आठवली.

घाट सुरू झाला. सातपायरीची वळणे एकावर एक चढत जातात. खालून पाहिले तर आपण आलो तो रस्ता डोंगराला गुंडाळलेल्या सुतळीसारखा दिसतो. सागाची पाने पिवळी पडलेली. वर यशवंत तलाव निळा, शांत, आणि वारा असा की मिरचीचा ठसका जगात कोठे असतो हेच विसरावे. पर्यटक सीताखाई पाहतात, खडकी पॉईंटवर फोटो काढतात. आम्ही कपाटे उतरविली. एसटीची मंडळी आमच्या आधी पोचून चहा पिऊन बसली होती आणि आम्हाला उशीर झाला म्हणून चिडवीत होती. अभ्यासिकेच्या पोरांनी खुर्च्या डोक्यावर घेऊन नेल्या. एका पोराने एकट्याने तीन.

उतरताना केबिनमध्ये कोणी बोलत नव्हते. टेप बंद होता. तो मामांनी स्वतः बंद केला होता. पहिले वळण आले, ब्रेक लागला. आम्ही पायाखाली कान लावून होतो. दुसरे वळण. तिसरे. नुसता इंजिनाचा आवाज आणि मागे रिकाम्या फळ्यांची खडखड. चौथ्या वळणावर मामा पोराला म्हणाले, "काय रे, आहे का?"

"नाही मामा."

"नीट ऐक."

नंदुरबारपासून मामांनी त्याला काही विचारले ते हे पहिल्यांदा.

शहाद्याला चाचांकडे पुन्हा थांबलो, कारण ते बजावून म्हणाले होते की परत येताना नट दाखवून जा. त्यांनी पाना स्वतः न घेता पोराच्या हातात दिला. पाच मिनिटांचे काम. डावीकडचा पहिला नट पाव फेरा फिरला, दुसरा त्याहून थोडा कमी, तिसरा जेमतेम. चौथा हललाच नाही. उजवीकडचे चारही घट्ट. चाचांनी वाकून पाहिले, मान हलविली आणि पुढच्या उसाच्या गाडीकडे वळले.

पोराने आमच्याकडे पेन मागितले. डाव्या दाराच्या आतल्या पत्र्यावर त्याने तारीख घातली, किलोमीटरचा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे 'यू बोल्ट आवळले'. मग थोडा विचार करून खाली पाचशे किलोमीटर पुढचा आकडा लिहिला आणि पेन परत केले.